सॅम्पल घेतलं, पुढे काय?

दुधाच्या सॅम्पलची बाटली सील करायची म्हणजे तिच्यावर लाखेचे चार ठसे पाहिजेत. एक वर, एक बुडाला, दोन अंगावर. त्याआधी बाटली जाड कागदात गुंडाळायची, कागदाची टोकं दुमडून खळीने चिकटवायची, वरून नंबर टाकलेली कागदी पट्टी बुडापासून टोकापर्यंत फिरवायची आणि विक्रेत्याची सही अशी घ्यायची की अर्धी पट्टीवर आणि अर्धी कागदावर येईल, म्हणजे उद्या कोणी पट्टी सोडवून दुसऱ्याच बाटलीवर डकवली तर सही तुटलेली दिसेल. मग दोरा, मग गाठीवर लाख. हे सगळं नियमात शब्दाशब्दाने लिहिलेलं आहे आणि ज्याने कोणी लिहिलं त्याचा या जगात कोणावरही विश्वास नव्हता हे पहिल्या वाचनातच कळतं.

मला हे पाठ आहे कारण माझे मोठे मामा एका महापालिकेत फूड इन्स्पेक्टर होते. १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या काळातले. त्यांच्या पिशवीत पितळी सील, लाखेच्या कांड्या, मेणबत्ती, काडेपेटी, दोऱ्याचा गुंडा, धुऊन खडखडीत वाळवलेल्या बाटल्या आणि फॉर्मलीनची छोटी कुपी असायची. लहानपणी आम्हाला त्यातलं फक्त लाखेचं आकर्षण, पण लाखेला हात लावला की मामा ओरडायचे, कारण ते सरकारी सामान. (मामी त्याच मेणबत्त्या लाईट गेल्यावर वापरायच्या, त्याबद्दल मामा काही बोलायचे नाहीत.)

तर मामांचं म्हणणं असं की लोकांना वाटतं भेसळ लॅबमध्ये पकडली जाते, पण केस जिंकायची की हरायची ते दुकानातल्या पहिल्या दहा मिनिटांत ठरतं. दुधाचा कॅन आहे, वर साय धरलीये, इन्स्पेक्टरने न ढवळता वरवरचं दूध घेतलं तर फॅट जास्त येणार, तळातलं घेतलं तर कमी. म्हणून आधी ढवळून एकजीव करायचं आणि "ढवळून एकजीव केले" हे पंचनाम्यात लिहायचं, कारण नाही लिहिलं तर दहा वर्षांनी कोर्टात वकील पहिला प्रश्न तोच विचारणार. बाटली कोरडी होती का, स्वच्छ होती का, चमचा कोणाचा होता, दुकानदाराचा असेल तर तो आधी कशात बुडवलेला होता. तिखटाच्या सॅम्पलला चमच्यावरून केस गेली म्हणून मामा पुढे स्वतःचा चमचा घेऊन फिरायचे.

आणि पंच! कायदा म्हणतो एक किंवा अधिक माणसं साक्षीला बोलवा. सॅम्पल सुरू व्हायच्या आधी दुकानापुढे वीस माणसं उभी असतात, मान वर करून बघत असतात, आणि "जरा पंच म्हणून सही कराल का" म्हटलं की रस्ता साफ. शेजारचा दुकानदार सही करत नाही कारण त्याला उद्या याच्याच शेजारी बसायचंय, गिऱ्हाईक करत नाही कारण पुढे कोर्टाच्या तारखा कोणी करायच्या. मग शेवटी कोणीतरी रिक्षावाला, कोणीतरी हमाल तयार व्हायचा, आणि तारखेला तो सांगायचा की साहेबांनी सही कर म्हणलं, मी केली, आत काय होतं मला माहीत नाही. मामा हे हसत सांगायचे पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पैसे द्यावे लागतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. इन्स्पेक्टर सॅम्पल फुकट उचलत नाही, बाजारभावाने विकत घेतो आणि पावती घेतो. दुकानदार हमखास म्हणणार, राहू द्या हो साहेब, तुमच्याकडून काय घ्यायचे. आणि इथे मामा हट्टाला पेटायचे, कारण विक्री झाली तर गुन्हा, भेट दिली तर कसला गुन्हा.

फॉर्मलीनची गंमत तर वेगळीच. दुधात फॉर्मलीन घालणं हा गुन्हा आहे, आणि दुधाचं सॅम्पल टिकावं म्हणून दर २५ मिलिलिटरला दोन थेंब फॉर्मलीन घालणं ही इन्स्पेक्टरची ड्युटी. किती घातलं ते लेबलवर लिहायचं. लिहायला विसरलं तर लॅबवाले म्हणणार दुधात फॉर्मलीन सापडलं, आणि ते खरंच असणार.

त्या काळात एका सॅम्पलचे तीन भाग व्हायचे. एक भाग तपासणी करणाऱ्या पब्लिक अ‍ॅनालिस्टकडे, आणि १९७६ पासून दोन स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याकडे राखून; त्याआधी एक भाग विक्रेत्याकडेच असायचा. ही तीन भागांची कल्पना आपली नाही, ती आली इंग्लंडहून. तिकडे १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड गावात खाऊच्या गोड गोळ्यांमध्ये साखरेच्या जागी स्वस्त पांढरी भुकटी म्हणून प्लास्टर घालायचं ठरलं होतं, औषधवाल्याकडून चुकून सोमल (आर्सेनिक, म्हणजे जहाल विष) दिला गेला आणि वीसेक माणसं मेली. म्हणजे लक्षात घ्या, चूक सोमलाची झाली, प्लास्टर घालणं हा तर रोजचाच रिवाज होता. त्यानंतर १८६० चा कायदा आला, तो फारसा चालला नाही, मग १८७५ चा आला आणि त्यात लिहिलं गेलं की खरेदी करणाऱ्याने विक्रेत्याला तोंडावर सांगायचं की हे मी तपासायला घेतोय, आणि मालाचे तीन भाग करायची तयारी दाखवायची. एक विक्रेत्याला, एक तपासनिसाला, एक राखून. मुंबई प्रांतात १९२५ चा स्वतःचा भेसळविरोधी कायदा होता, मग १९५४ चा देशभरासाठी आला, आणि ५ ऑगस्ट २०११ पासून २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा चालू झाला. आता भाग चार होतात. चौथा विक्रेत्याच्या हक्काचा, त्याने मागितलं तर तो त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त खाजगी लॅबकडे जातो. विश्वास कमी झाला, भाग वाढला, असं माझं मत.

हे सगळं इतकं किचकट कशासाठी, असं मी एकदा मामांना विचारलं तर त्यांनी मला दह्याची केस सांगितली. त्यांची नाही, दिल्ली महापालिकेची, सुप्रीम कोर्टाचा निकाल १९६६ चा. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये दह्याचं सॅम्पल घेतलं, रिपोर्ट विरोधात आला, आणि महापालिकेने खटला भरला पुढच्या वर्षी मे महिन्यात. विक्रेत्याने कायद्याने दिलेला हक्क वापरला, म्हणाला माझा भाग केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठवा. पाठवला. तिथून उत्तर आलं की हे दही आता तपासण्याच्या लायकीचंच उरलेलं नाही. उरेल कसं? आठ महिने झाले होते. विक्रेता सुटला, कारण दुसऱ्यांदा तपासून घ्यायचा त्याचा हक्क महापालिकेच्या दिरंगाईने नासला होता. मामांच्या पिढीच्या प्रत्येक इन्स्पेक्टरला ही केस तोंडपाठ. मला मात्र त्या विक्रेत्याचं बरोबर वाटतं, आणि मामांना ते आवडत नाही. "अगं पण दही तर खराब होतं ना!" असं ते म्हणतात. होतं की नव्हतं हे आता कोण सांगणार मामा, तेच तर कोर्टाने सांगितलं.

याच्या उलट टोकाला उत्तर प्रदेशातली एक दुधाची केस. सॅम्पल ऑक्टोबर १९९५ चं. फॅट ४.६ टक्के, म्हणजे उत्तम, पण फॅट सोडून उरलेला घन भाग, ज्याला आपले डेअरीवाले एसएनएफ म्हणतात, तो ७.७ भरला. पाहिजे होता ८.५. युरिया नाही, साबण नाही, काही नाही, नुसती आकड्याची तूट. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१९ मध्ये सांगितलं की एकदा प्रमाण ठरलं की थोडं कमी जास्त असा हिशोब चालणार नाही, आणि शिक्षा कायम केली. एका बाटलीसाठी चोवीस वर्षं खटला! जुन्या कायद्यात बहुतेक गुन्ह्यांना किमान सहा महिने कैद होती, मग ती नुसती आकड्याची तूट का असेना. नव्या कायद्यात भेद जास्त स्पष्ट केलाय, कमी दर्जाचं असेल तर पाच लाखांपर्यंत दंड, लेबल खोटं असेल तर तीन लाखांपर्यंत, आणि खरोखर असुरक्षित असेल तर फौजदारी, माणूस दगावला तर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. हा बदल मला शहाणपणाचा वाटतो. गवळ्याच्या म्हशीने चारा कमी खाल्ला म्हणून त्याला आणि हळदीत शिशाचा रंग घालणाऱ्याला एकाच मापाने मोजणं मला कधीच पटलेलं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते, जो माझ्या डोक्यात दर दिवाळीला येतो. ऑक्टोबर लागला की बातम्या सुरू होतात, एफडीएची (म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची) धडक मोहीम, खव्याचे इतके नमुने घेतले, इतका साठा जप्त. आणि आपल्याला वाचून बरं वाटतं, झालं बाबा काहीतरी. पण कायद्याप्रमाणे अन्न विश्लेषकाला रिपोर्ट द्यायला १४ दिवस असतात. रिपोर्ट विरोधात गेला तर विक्रेत्याला अपिलाला ३० दिवस. म्हणजे वसुबारसेला घेतलेल्या पेढ्याचा रिपोर्ट येईपर्यंत तो पेढा खाऊन, पचून, पाहुणे आपापल्या गावी जाऊन तुळशीचं लग्नसुद्धा होऊन गेलेलं असतं! सॅम्पलने आजचं पोट वाचत नाही. वाचवायचं तर साठा थांबवावा लागतो, जप्त करावा लागतो, ते वेगळं कलम आणि वेगळी हिंमत. सॅम्पलचा उपयोग एकच, पुढच्या वेळी डबा उघडताना विक्रेत्याच्या मनात यावं की आज कोणी आलं तर? आणि तो धाक दिवाळीच्या आठवड्यात येऊन कॅमेऱ्यासमोर कढया उलट्या केल्याने बसत नाही, तो ज्येष्ठ आषाढातल्या एखाद्या कंटाळवाण्या मंगळवारी, कुठलाही सण नसताना, कोणीही तक्रार केलेली नसताना माणूस पिशवी घेऊन दारात उभा राहिला तरच बसतो. अशा मंगळवारची बातमी होत नाही, म्हणून अशा मंगळवारची मागणीही कोणी करत नाही.

आकड्यांचंही तेच. २०११ मध्ये देशभर दुधाचे १,७९१ नमुने तपासले होते आणि ६८.४ टक्के प्रमाणात बसले नाहीत. त्याचं "६८ टक्के दूध भेसळीचं" झालं, आणि ते इतकं पसरलं की आजही फॅमिली ग्रुपवर येतं, त्याच्यासोबत "८७ टक्के भारतीयांना कॅन्सर होणार" असलं बिनबुडाचं काहीतरी जोडून. त्या ६८ मध्ये बराच मोठा भाग नुसत्या कमी एसएनएफचा किंवा पावडर मिसळल्याचा होता. मग २०१८ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, मोठा सर्व्हे केला, १,१०३ शहरं गावं, ६,४३२ नमुने. युरिया, डिटर्जंट वगैरे घातलेले निघाले फक्त १२. बारा टक्के नाही हां, बारा नमुने. फॅट, एसएनएफ वगैरे दर्जाच्या निकषांत कमी पडलेले मात्र ४१ टक्के. आणि ज्याची फारशी कोणाला कल्पना नव्हती ते सापडलं, ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम१ मर्यादेपेक्षा जास्त. हे दूधवाला घालत नाही. बुरशी लागलेली पेंड, बुरशी लागलेला चारा जनावराच्या पोटात जातो आणि ते विष दुधात उतरतं. उकळून जात नाही, आणि आयोडीन टाकून निळं होतं का बघायच्या घरगुती टेस्टमध्येही दिसत नाही. म्हणजे आपण गल्लीतल्या गवळ्याकडे संशयाने बघत राहिलो आणि गडबड गोठ्यातल्या ओल्या पोत्यात होती. आता त्या सर्व्हेच्या नमुन्यांवर कोणाला कोर्टात खेचता येत नाही, त्यासाठी चार भाग आणि लाखवालं सॅम्पल लागतं. पण खरी माहिती मिळाली ती या बिनलाखेच्या बाटल्यांतून.

लॅबच्या लोकांबद्दल थोडं लिहायलाच हवं कारण त्यांचं कौतुक कोणी करत नाही. पुण्याची राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा एकेकाळी देशातल्या चार केंद्रीय अन्न प्रयोगशाळांपैकी एक होती, म्हणजे इतर काही राज्यांत भांडण झालं की बाटली पुण्याला यायची. तुपाची तपासणी मला फार आवडते. आपल्याकडे वनस्पती तुपात थोडं तीळ तेल मिसळणं कायद्यानेच सक्तीचं केलं, पाच टक्के, चवीसाठी वगैरे काही नाही, फक्त चोर पकडायला. कारण तीळ तेलाला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल लागलं की लाल रंग येतो. कोणी साजूक तुपात डालडा मिसळला की त्याच्यासोबत तीळ तेल आलंच, आणि टेस्ट ट्यूब लाल. किती साधी आणि किती डोकेबाज युक्ती! दुसरी गोष्ट विदर्भाची. सरकी खाणाऱ्या जनावरांचं तूप शुद्ध असलं तरी त्याचे आकडे वेगळे येतात, म्हणून जुन्या नियमांत कापूस पट्ट्यातल्या तुपासाठी वेगळं प्रमाण होतं. म्हणजे नियम लिहिणाऱ्याने अकोल्या यवतमाळची गोठ्यातली गव्हाण विचारात घेतली होती. असं सरकार कधी कधी दिसतं.

आणि कधी कधी दुसरं दिसतं. मॅगीचं २०१५ चं प्रकरण सगळ्यांना आठवतं, पण ते सुरू कुठून झालं ते आठवत नाही. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत, मार्च २०१४ मध्ये, एका जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्याने उचललेल्या साध्या पाकिटापासून. पाकिटावर एमएसजी (चव वाढवणारं अजिनोमोटो) घातलेलं नाही असं छापलं होतं आणि गोरखपूरच्या लॅबला एमएसजी दिसलं. कंपनीने आव्हान दिलं, सॅम्पल कोलकात्याला गेलं आणि तिथून वर्षभराने रिपोर्ट आला की शिसं १७.२ पीपीएम (दहा लाख भागांत १७.२ भाग), मर्यादा २.५. जून २०१५ मध्ये देशभर बंदी, हजारो टन माल जाळला. मग ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडू दिली नव्हती, आणि ज्या लॅबच्या रिपोर्टांवर सगळं उभं होतं त्यांना कायद्याला हवी ती मान्यता नव्हती. पुन्हा नमुने, मोहाली, जयपूर, हैदराबाद, तिन्हीकडे पास, आणि नोव्हेंबरात मॅगी दुकानात हजर. शिसं होतं का नव्हतं, यावर लोक अजून वाद घालतात. मला त्यातली वेगळीच गोष्ट टोचते. कंपनीकडे वकील होते म्हणून लॅबची मान्यता तपासली गेली. दह्यावाल्यासारखे लढणारे थोडे, बाकीच्यांकडे ना एवढा दम असतो ना एवढे पैसे, ते दंड भरतात आणि मोकळे होतात. आणि त्यांचंच सॅम्पल घेणं सगळ्यात सोपं असतं, कॅन उघडा, ढवळा, भरा. मोठ्या व्यापाऱ्यांच्या दुधाचा टँकर पहाटे तीनला हायवेवरून जातो, त्याला थांबवायला गाडी लागते, माणसं लागतात, रात्रपाळी लागते.

२०११ नंतर आपल्याकडे महापालिकांच्या फूड इन्स्पेक्टरांचं हे काम राज्याच्या एफडीएकडे गेलं. मामा म्हणतात बरं झालं, नगरसेवकाचा फोन यायचा बंद झाला. मला तितकं बरं वाटत नाही. महापालिकेच्या माणसाला गल्ली माहीत असायची, कुठल्या बोळात रात्री पनीर बनतं ते माहीत असायचं. आता जिल्ह्याला मोजके अधिकारी, त्यांनाच लायसन, त्यांनाच तपासण्या, त्यांनाच कोर्ट, आणि २०१२ पासून गुटखाबंदीही याच कायद्याखाली असल्याने ट्रक पकडायलाही त्यांनीच जायचं. मग मंगळवार उरतोच कुठे.

एक कलम मात्र आपल्यासारख्यांसाठी आहे आणि कोणी वापरत नाही. २००६ च्या कायद्याचं कलम ४०. कुठलाही ग्राहक स्वतः विकत घेतलेली वस्तू फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, आणि माल खराब निघाला तर फी परत. अट एवढीच की घेतानाच विक्रेत्याला सांगायचं, मी हे तपासायला नेतेय. मामांना विचारलं, तुमच्याकडे असं कोणी आलं होतं का, जुन्या कायद्यातही ही सोय होती. ते म्हणाले, तक्रार करायला पुष्कळ यायचे, "फी भरा" म्हटलं की "तुम्ही आहात ना त्यासाठी" म्हणून निघून जायचे.

मी आमच्या कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला मुद्दाम म्हटलं, दादा पाव किलो पनीर द्या, लॅबला द्यायचंय तपासायला. मला वाटलं चिडेल, निदान चेहरा तरी बदलेल. त्याने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "सरकारी लॅबला का खाजगी?" मी म्हटलं सरकारी. तर म्हणतो, "मग पाव किलोत नाही भागायचं ताई, एक किलो घ्या, त्यांना चार भाग लागतात. बिल देऊ ना?"